न वापरलेल्या कढया

माझं अक्षर चांगलं नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा घोटाळा होतो आणि ओळी उजवीकडे वर चढत जातात. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे लिहिण्याचा सराव म्हणजे किराण्याची यादी. हे कोणाच्या हाती लागलंच, तर त्यानं सांभाळून घ्यावं. खरं म्हणजे कोणाला दाखवायला मी हे लिहीत नाही. चार माणसांत मला बोलता येत नाही. वहीसमोर तसं होत नाही, म्हणून लिहिते.

वह्या आयत्या मिळाल्या. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळाबरोबर कॉलेजातल्या देशकर मॅडमनी उरलेली कोरी जर्नलं मला दिली. जर्नल म्हणजे मुलींची प्रॅक्टिकलची वही. त्यात एक पान रेघांचं असतं आणि समोरचं कोरं, आकृती काढायला. माझ्याकडे काढण्यासारख्या आकृती नाहीत, म्हणून ती पानं तशीच सोडते आहे.

नागपुरात लकडगंजच्या अलीकडे मुलींचं एक कॉलेज आहे. त्याच्या गृहअर्थशास्त्राच्या लॅबमध्ये मी परिचर होते. परिचर हा पगारपत्रकावरचा शब्द. बाकी सगळ्यांची मी मावशी. आमचे हे तिथेच शिपाई होते, ते गेल्यावर मला घेतलं. माहेरी उमरेडला मी हातमागासाठी कांड्यांवर सूत भरलं होतं आणि लग्नानंतर चूल सांभाळली होती. लॅब म्हटल्यावर आत काचेच्या नळ्या आणि सापळे असतील या धास्तीनं पहिल्या दिवशी किल्ली हातात घेऊन दाराबाहेरच उभी राहिले. उघडून पाहते तर ओटे, शेगड्या, कढया, पोळपाट. म्हटलं, हे तर स्वयंपाकघर आहे, एवढं काय घाबरायचं.

ते स्वयंपाकघर नव्हतं, हे कळायला वेळ लागला. घरी मीठ चिमटीनं घालतात, लॅबमध्ये तराजूनं. प्रॅक्टिकलच्या आधी प्रत्येक मुलीचं ताट लावणं हे माझं मुख्य काम. इतकं पीठ, इतकी डाळ, इतकं तेल, सगळं मॅडमनी लिहून दिलेल्या मापानं. जे ताटात नाही ते पदार्थात येता कामा नये, हा आमच्या लॅबचा पहिला नियम. सिलिंडर बदलला की साबणाचं पाणी लावून गळती पाहायची. शेगड्या पेटल्या की पंखे बंद करायचे, कारण वाऱ्यानं आच विझते. होळीनंतर नागपुरात पंखा बंद करून शेगडीजवळ उभं राहणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको.

मुली काही कमी नमुनेदार नव्हत्या. एक लग्न झालेली होती, घरी रोज दहा माणसांचं करायची, आणि इथे तराजू समोर आला की रडायची. एकीनं पुस्तकातल्या ‘चवीपुरतं’ या शब्दावर बोट ठेवून विचारलं, “मॅडम, चवीपुरतं म्हणजे किती ग्रॅम?” मॅडम म्हणाल्या, “ज्याची त्याची चव.” ती म्हणाली, “मग मार्क कोणाच्या चवीनं देता?” त्यावर सगळा वर्ग हसला आणि विषय बदलला. मला तो प्रश्न पुढे आठवला.

सुरुवातीची बरीच वर्षं प्रॅक्टिकलं नियमानं होत. मग हळूहळू ती बंद पडली. कोणी एका दिवशी बंद केली नाहीत. कॉलेजात मुली कमी यायला लागल्या. आता बाहेरच्या माणसाला हे माहीत नसतं, पण मुली कमी झाल्या की तुकडी बंद होते, आणि तुकडी बंद झाली की मॅडमची जागाही जाते. म्हणून आलेल्या मुलीला नाराज करायचं नाही, कोणाला नापास करायचं नाही, ही रीत पडली. त्यात रिकाम्या जागा भरल्या गेल्या नाहीत. तासावर पैसे मिळणाऱ्या नव्या मॅडमना सहा सहा महिने पैसेच मिळत नसत, त्या कशाला शेगडीजवळ उभ्या राहतील? संस्थेनं सिलिंडरचं बिल अडवलं. मग दर आठवड्याचं प्रॅक्टिकल पंधरवड्यावर गेलं, नंतर मॅडम एकट्या करून दाखवू लागल्या आणि मुली पाहू लागल्या. शेवटी जर्नल तेवढं उरलं. जुन्या बॅचच्या एका हुशार मुलीचं जर्नल होतं, दरवर्षी त्यावरूनच सगळ्या उतरवून घ्यायच्या. सामानाचे म्हणून मुलींकडून दरवर्षी जे पैसे घेतले जात, ते मात्र चालूच राहिले.

परीक्षेला बाहेरच्या कॉलेजच्या मॅडम परीक्षक म्हणून येत. त्यांच्यासाठी मुली वर्गणी काढत. सावजीकडचं मटण, नाही तर पुरणपोळी, वर एखादी साडी. परीक्षक मॅडम जेवत, जर्नलं चाळत, दोन प्रश्न विचारत आणि संध्याकाळच्या गाडीनं जात. मार्क चांगले पडत. उरलेलं जेवण एक मॅडम स्वतःच्या डब्यात भरून न्यायच्या. त्या डबा घरून आणायच्या, रिकामा.

देशकर मॅडम आमच्या विभागाच्या प्रमुख. वाईट बाई नव्हत्या. त्यांच्या तरुणपणी मी त्यांना शिकवताना पाहिलं आहे. भात मऊ का होतो हे त्या अशा सांगत की मी ताटं लावायची सोडून ऐकत उभी राहायची. पण रोज एक एक गोष्ट सोडून देत गेलं की माणसाला शेवटी काय सोडलं ते आठवत नाही.

माझं काय, तर मला काम उरलं नाही. बसून पगार घेते असं कोणी म्हणेल ही मला भीती. म्हणून मी भांडी घासायचे. दर शनिवारी सगळ्या कढया, पातेली, झारे खाली काढायचे आणि राख-चिंचेनं घासून पुन्हा मांडायचे. मुली दारातून जाताना म्हणायच्या, “मावशी, काहून एवढं घासून राहिल्या? त्याच्यात कोणी शिजवलंच नाही.” मी हसायचे. अशी तीन वर्षं होत आली. एक अख्खी बॅच शेवटच्या वर्षाला पोचली, तरी तिच्या मुलींनी लॅबमधली शेगडी पेटवलीच नव्हती.

त्या बॅचचं शेवटचं वर्ष चालू असताना नव्या प्राचार्य मॅडम आल्या. धरमपेठेतून गाडी चालवत यायच्या, आवाज हळू, पण पायऱ्या भराभर चढायच्या. पहिल्या आठवड्यात त्या एकेक विभाग पाहत होत्या. आमच्या लॅबमध्ये आल्या तेव्हा मी मनातून खूश होते. कढया ओळीनं लावल्या होत्या, उन्हात चमकत होत्या.

“किती छान ठेवलंय,” त्या म्हणाल्या. मी मान खाली घातली.

मग त्यांनी एक कढई उचलली आणि उलटी केली. तिचं बूड बराच वेळ पाहिलं. दुसरी उचलली, तीही उलटी केली.

“देशकर मॅडम, ह्यात शेवटचं काय तळलं?”

“शंकरपाळे. मागच्याच महिन्यात.”

“माझ्या घरी एकदा पुऱ्या तळल्या तर कढईच्या बुडाला जे चिकटतं ते महिनाभर निघत नाही. हिच्यात मला माझं तोंड दिसतंय.”

प्राचार्य मॅडमनी शेगडीचा बर्नर काढून उन्हाकडे धरला. आतल्या भोकांत कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. बर्नरच्या आत हात जात नाही, तेवढंच माझ्या घासण्यातून सुटलं होतं.

त्या गेल्यावर देशकर मॅडम खुर्चीत बसल्या. मला वाटलं रडतील. त्या म्हणाल्या, “मावशी, इतकं घासायले कोणी सांगितलं होतं वं तुम्हाले?”

“काही काम नव्हतं, मॅडम,” मी म्हणाले.

दोन दिवसांनी प्राचार्य मॅडमनी सांगितलं की न झालेल्या प्रॅक्टिकलचे मार्क त्या विद्यापीठाला पाठवणार नाहीत. परीक्षेला थोडे आठवडे होते. तेवढ्यात महत्त्वाची सगळी प्रॅक्टिकलं खरोखर करायची, मग परीक्षा, मग मार्क. जी येणार नाही ती नापास.

संस्थेचे सचिव आले. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “मॅडम, पोरी नापास झाल्या तर पुढच्या साली ॲडमिशन कोण घेईन? कॉलेज का हवेवर चालते?”

“न शिकवता पास केलं तर कॉलेज कशावर चालतं?” मॅडमनी विचारलं. मी चहा ठेवून बाहेर आले. पुढचं ऐकलं नाही.

हे सगळं कोणाच्या मुळावर आलं, तर रोशनीच्या. रोशनी मेश्राम, शेवटच्या वर्षाला. उंच, सावळी, बोलायला फटकळ. वडील पाय मोडून घरी होते. ती आणि तिची आई पहाटे कळमन्याच्या बाजारात मिरचीचे देठ खुडायला जायच्या. खुडलेल्या मिरचीच्या वजनावर मजुरी. बारा वाजता आई घरी आणि रोशनी कॉलेजात. एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात पथ्याचं जेवण करायची जागा तिला कबूल झाली होती. अट एकच, जूनमध्ये पदवीचा निकाल हातात पाहिजे. ती नोकरी लागली की मायलेकींचा बाजार सुटणार होता. हे ती सगळ्यांना सांगायची, मला तर रोज.

प्राचार्य मॅडम लॅबमध्ये येऊन मुलींना म्हणाल्या, “उद्यापासून सकाळी आठला प्रॅक्टिकल.”

रोशनी उभी राहिली. “मी नाही येऊ शकत सकाळी.”

“का?”

“कळमन्याले जातो आम्ही. रोजी बुडते.”

“निकाल हवा ना तुला?”

मग रोशनी जे बोलली ते मला अजून पाठ आहे. “मॅडम, तीन साल झाले, सामानाचे पैसे भरून राहिलो आम्ही. कढई एक डाव गरम नाही झाली. तेव्हा कोणी नाही म्हटलं, पोरींनो, या, शिजवा म्हणून. आता माही रोजी बुडवून करू? शिकवलं नाही तुम्ही अन् भरू आम्ही?”

“रोशनी, तोंड सांभाळून,” देशकर मॅडम म्हणाल्या.

“बोलू द्या. खरं बोलते आहे ती.” प्राचार्य मॅडम ओट्याला टेकल्या. मग त्या म्हणाल्या, “सामानाचे पैसे परत मिळतील. सगळ्यांना, तिन्ही वर्षांचे. कधी ते आज सांगता येणार नाही, पण मिळतील. प्रॅक्टिकल मात्र करावंच लागेल. दवाखान्यातला रोगी तुझी मार्कशीट खाणार नाही, तू शिजवलेलं खाणार आहे.”

“मग दुपारी ठेवा,” रोशनी म्हणाली.

“दुपारी. एक वाजता.”

“बाप्पा!” मागून एक मुलगी ओरडली. “एक वाजता? पंखे बंद? मॅडम, डाळीच्या आधी आम्हीच शिजू.”

आणि तसंच झालं. एप्रिलचं ऊन, वर पत्रा, पंखे बंद, शेगड्या सगळ्या चालू. मी सुईनं एकेक बर्नर उकरून साफ केला होता. मुली ओढण्या ओल्या करून डोक्यावर घेत. माठ दोनदा भरावा लागे. प्राचार्य मॅडम रोज येऊन भिंतीशी उभ्या राहत, बसत नसत. पहिल्या दिवशी निम्म्या मुलींचं पिठलं जळलं. कढया काळ्या झाल्या, आणि खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी मला त्या पाहवत नव्हत्या.

देशकर मॅडम दोन-तीन दिवस नुसत्या सूचना वाचून दाखवत होत्या. मग एके दुपारी एका मुलीची कणीक सैल झाली, तेव्हा त्यांनी पदर खोचला, तिच्या हातातून परात घेतली आणि शिकवायला लागल्या. जुन्या मॅडम परत आल्यासारख्या. मी ताटं लावायची सोडून ऐकत उभी राहिले.

शेवटच्या आठवड्यात पथ्याचं जेवण होतं. मधुमेह, कावीळ, पोटातला अल्सर. केलेलं सगळ्यांनी थोडं थोडं खाऊन पाहायचं, अशी पद्धत. रोशनीचा हात चांगला होता. मऊ भात-मुगाचं वरण ती हातानं असं कालवायची की गुठळी राहत नसे. मी चाखून म्हटलं, “मस्त झालं वं.” मुलींनी बोटं चाटली. कोणाला काही वावगं लागलं नाही.

परीक्षेच्या दिवशी बाहेरच्या मॅडम आल्या. माहेर रत्नागिरीकडचं, असं त्यांनीच सांगितलं. दुपारी त्यांनी घड्याळ पाहिलं, दाराकडे पाहिलं. जेवण येईना. प्राचार्य मॅडम म्हणाल्या, “आज मुली करतील तेच आपलं जेवण.” म्हणून त्या मॅडम दुपारभर मधुमेहाचं, काविळीचं आणि बाळंतिणीचं जेवण जेवल्या. तोंड पाहण्यासारखं झालं होतं, पण खाल्लं.

रोशनीच्या चिठ्ठीत अल्सरचा रोगी निघाला. मऊ भात, मुगाचं वरण, पडवळाची भाजी. तिखट, मसाला काही नाही. तिनं सगळ्यात आधी ताट पुढे केलं, नीट मांडलेलं. परीक्षक मॅडमनी कालवलेला भात तोंडात घातला आणि थांबल्या.

“तिखट आहे,” त्या म्हणाल्या.

“मी मिरची घातलीच नाही, मॅडम.”

त्यांनी पुन्हा घास घेतला. “आहे. जिभेला चुरचुरतंय.”

देशकर मॅडमनी चाखलं. “मला तर काही लागत नाही.” मी चाखलं, मलाही नाही. प्राचार्य मॅडमनी एक घास घेतला, डोळे मिटून थोडा वेळ तोंडात धरला आणि मान हलवली. हो.

“मावशी, तुम्ही ताट लावलं,” रोशनी माझ्याकडे वळली. “सांगा न ह्याइले.”

सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. “ताटात मिरची नव्हती,” मी म्हणाले. एवढ्या माणसांत मी मोठ्यानं बोललेलं ते एकच वाक्य. खरं होतं, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

प्राचार्य मॅडमनी रोशनीचा हात हातात घेतला आणि नाकाजवळ नेला. मग तिला विचारलं, “आज सकाळी बाजारात गेली होतीस?”

रोशनीनं हात मागे ओढला. बोटं तिची ती पाहत राहिली. तिनं साबणानं हात धुतले होते, मी पाहिलं होतं. पण पहाटेपासून मिरची खुडली की बोटांच्या कातडीत ती बसते, साबणानं जात नाही. आई झोपताना हाताला तेल लावते तरी आग होते, हे तीच मला सांगायची. आठवडाभर आम्ही सगळ्यांनी तिच्या हातचं खाल्लं होतं. नागपूरच्या जिभांना तेवढं तिखट लागतच नाही.

परीक्षक मॅडमनी पेन खाली ठेवलं. “पद्धत सगळी बरोबर आहे. मुलगी हुशार आहे. तुमची हरकत नसेल तर मी पास करते. उगाच कशाला वर्ष?”

मार्क देणाऱ्या दोघी, त्या आणि देशकर मॅडम. प्राचार्य मॅडम म्हणाल्या, “हे तुम्ही दोघींनी ठरवा,” आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या.

देशकर मॅडमनी आजवर कोणाला नापास केलं नव्हतं. त्यांनी ताटाकडे पाहिलं, रोशनीकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, तो त्यांनी पुसला नाही. “अल्सरच्या माणसासमोर हे ताट मला ठेवता येणार नाही,” त्या म्हणाल्या. आणि मार्क लिहिले.

रोशनी रडली नाही. नळाशी जाऊन तिनं पुन्हा हात धुतले, कितीतरी वेळ. मी टॉवेल घेऊन उभी होते. ती म्हणाली, “सकाळी प्रॅक्टिकल असतं तर मी कळमन्याले गेलीच नसती, नाही का? दुपार मीच मागून घेतली.” टॉवेल न घेताच गेली.

जूनमध्ये दवाखान्यानं दुसरी मुलगी घेतली.

त्या वर्षी बाकीच्या मुली पास झाल्या, बऱ्याच जणी काठावर. पुढच्या वर्षी ॲडमिशन कमी झाल्या, सचिवांचं म्हणणं खोटं नव्हतं. एक तुकडी बंद पडली आणि तासावरच्या एका मॅडमना जावं लागलं. त्या जाताना प्राचार्य मॅडमशी बोलल्या नाहीत. बरोबर वागलं की सगळ्यांचं बरं होतं, असं मी पाहिलेलं नाही.

पैशांचं भांडण पाच-सहा महिने चाललं. संस्था म्हणे, पैसे इमारतीच्या रंगात गेले. “मग भिंती खरवडून द्या,” प्राचार्य मॅडम म्हणाल्या, हे मी कानांनी ऐकलं. प्रॅक्टिकलं झाली नव्हती हे त्यांनी विद्यापीठाला लेखी कळवायची तयारी दाखवली, तेव्हा कुठे संस्था नमली. तीन हप्त्यांत द्यायचं ठरलं. मुली कॉलेज सोडून गेलेल्या, काहींची लग्नं झालेली. घरं मला माहीत होती, म्हणून पाकिटं पोचवायचं काम माझ्याकडे आलं. एका मुलीच्या सासूबाईंना खरंच वाटेना. “कॉलेजवाले पैसे घेतेत, देतेत कधी?” असं म्हणून त्यांनी नोट उन्हात धरून पाहिली.

पहिला हप्ता हिवाळी परीक्षेच्या थोडा आधी निघाला. मी सगळ्यांत आधी रोशनीकडे गेले. तिला प्रॅक्टिकल पुन्हा द्यायचं होतं, आणि नव्या मिरचीच्या गाड्या बाजारात यायला लागल्या होत्या. तिची आई दारात बसून हाताला तेल लावत होती. पैसे पाहून म्हणाली, “रोशने, आता तू बाजारात नको येऊ. एवढ्यात भागते. मी एकटी जातो.” रोशनी म्हणाली, “माय, तुये हात?” आई म्हणाली, “माह्या हातचं कोणता रोगी खाऊन राहिला?” आणि दोघी हसल्या. त्या आधी मी त्या घरात हसणं ऐकलं नव्हतं.

परीक्षेपर्यंत रोशनी मिरचीला शिवली नाही. रोज लॅबमध्ये येऊन पथ्याचं करायची. आमच्या जिभांवर कोणाचा भरवसा राहिला नव्हता. देशकर मॅडमच्या सासूबाईंना खरोखरच अल्सर होता, तिखटाचा कण चालत नसे. मॅडम रोशनीच्या हातचा डबा रोज घरी नेऊ लागल्या. पहिले दोन दिवस सासूबाईंनी तिखट लागतं म्हणून डबा परत पाठवला. तिसऱ्या दिवशी डबा रिकामा आला, आणि निरोप असा, की सुनेच्या हातचं यापेक्षा बरं नसतं. देशकर मॅडमनी तो निरोप जसाच्या तसा सांगितला, याचं मला कौतुक वाटलं.

रोशनी पास झाली. त्याच दवाखान्यात जागा निघायला मात्र आणखी वर्ष गेलं. तेवढा काळ ती पुन्हा आईबरोबर बाजारात गेली. तिच्या बुडालेल्या त्या वर्षाची भरपाई कोणी दिली नाही, आणि कोणी मागितलीही नाही.

माझी निवृत्ती जवळ आली तेव्हा शेवटचा हप्ता निघाला. इतर सगळ्यांची पाकिटं पोचवून झाली होती. रोशनीचं एक उरलं होतं. घरी गेले तर आई म्हणाली, ती ड्यूटीवर आहे, तिथेच द्या. म्हणून मी दवाखान्यात गेले, मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या दाराशी. आत मोठाली पातेली, बुडं काळीकुट्ट. डोक्यावर टोपी घातलेली रोशनी दोन बायकांना काही सांगत होती. मला पाहून धावत आली आणि उंबऱ्यावर थांबली.

“मावशी, हात दाखवा.”

“मले काहून?”

“इथं सगळ्यायले दाखवाच लागतेत. त्याच्याबिगर आत नाही येऊ देत मी कोणाले. परवा डॉक्टरचे हुंगले.”

मी हात पुढे केले. तिनं माझी बोटं नाकाशी नेली, आधी एका हाताची, मग दुसऱ्या. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. “राखेचा वास येऊन राहिला,” ती म्हणाली. “अजून घासता का वं कढया?”

“आता मुलीच काळ्या करतात. घासावंच लागते.”

तिनं मला आत बसवलं आणि वाटीत मऊ भात-वरण दिलं. मी खाल्लं. कसलीच चव नव्हती. चांगलं झालं असणार, पण मी काही बोलले नाही, माझ्या जिभेला त्यातलं काय कळतं.

मग मी पाकीट काढलं. तिनं हात धुतले, पुसले, पैसे मोजले आणि कागदावर सही केली. त्या कागदावर तिच्या नावापुढचीच एक जागा कोरी राहिली होती. दुसऱ्या दिवशी मी तो प्राचार्य मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “झाले, मावशी. सगळ्यांचे सगळे परत गेले.”